बधिर पंजा

पुसदच्या मुजफ्फर मिस्त्रीची कंबर चार वर्षांपासून धरलेली होती. मणक्यातली गादी सरकून नस दाबते आहे, नखाएवढ्या छेदातून दुर्बिणीनं तेवढा तुकडा काढता येईल, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. पण पाठीला हात लावला की माणूस खाटेला खिळतो, या धास्तीनं तो गोळ्यांवर दिवस ढकलत राहिला. डाव्या पायाचा पंजा बधिर झाल्याचं तर त्यानं बायकोला, नसरीनलाही सांगितलं नाही.

एकदा चालताना चप्पल पायातून निसटली आणि त्याला कळलंच नाही. नसरीननं ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं.

पाठीचा तेवढाच भाग बधिर करून, तो जागा असतानाच ऑपरेशन झालं. कंबरेपासून पायात उतरणारी कळ गेली. मुजफ्फर कितीतरी दिवसांनी हसला.

"आता पंजे वर उचला," डॉक्टर म्हणाले.

उजवा उचलला. डावा हलेना.

"नस फार दिवस दबलेली होती. ताकद येईलच, असं सांगता येत नाही."

डॉक्टर गेल्यावर नसरीननं विचारलं, "तुमी मले काहून नाई सांगतलं?"

"तू भेशील म्हणून," तो म्हणाला. मग मान फिरवून पुटपुटला, "मीच भेलो होतो."

ती त्याचा डावा पाय मांडीवर घेऊन चोळू लागली. तिचा हात त्याला घोट्यापर्यंतच जाणवत होता.