दुसऱ्या कुलपाची किल्ली माझ्याकडे होती

मित्रांनो, आसेगावात जानरावांच्या घरी गेलात, तर समोरच्या भिंतीत तुम्हाला एक कोनाडा दिसेल. कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती आहे, मेणबत्त्यांचा पुडा आहे आणि त्या दोहोंच्या मध्ये रबरबँडने आवळलेला एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. तो मी. पाठीचं झाकण सैल झालं आहे, म्हणून रबरबँड. बटणांवरचे आकडे झिजून गेले आहेत. घरी येणारी पोरं मला पाहून हसतात. हसू देत बापडी. पण माझी गोष्ट ऐकून मग जा, कारण तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद कुठल्या तरी खणात पडून असेल.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतं ते रिसोडच्या बाजारातलं दुकान. सोयाबीन विकायला आलेले जानराव आणि त्यांच्या पत्नी भागिरथाबाई त्या दुकानात शिरले आणि काचेखालच्या आम्हा सगळ्यांतून त्यांनी मला उचललं. जानरावांनी मला तळहातावर तोलून पाहिलं आणि म्हणाले, "हा मजबूत हाय. वावरात पडला तरी काई होनार नाही." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक होतं आणि मी ते अजून जपून ठेवलं आहे.

पुढची कित्येक वर्षं मी राबलो. सोयाबीनचे भाव माझ्यातून कळले, मजूर माझ्यातून सांगितले गेले, सोयरिकी माझ्या साक्षीने जुळल्या आणि मोडल्याही. थोरल्या प्रसेनजितला मुलगी झाली ती बातमी आधी माझ्याच कानात आली. आणि धाकटी धम्मदीपा, जिला घरात सगळे धम्मा म्हणतात, तिने तर माझा नंबर पाढ्यांबरोबर पाठ केला. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, हरवलात तर सांगता यायला हवा. ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारत माझा नंबर मोठ्याने म्हणायची. मला त्या वेळी काय वाटायचं म्हणून सांगू! एवढ्या मोठ्या जगात एका पोरीच्या तोंडी माझं नाव होतं.

मग प्रसेनजितला शेलूबाजारला गोदामात काम मिळालं आणि घरात मोठ्या काचेचा फोन आला. त्यावर माणसांचे चेहरे दिसत, गाणी वाजत, नात त्याला बोटाने सरकवत बसायची. नागपूरला शिकायला गेलेली धम्माही संध्याकाळी त्याच्याच फोनवर दिसू लागली. मी हळूहळू खिशातून कोनाड्यात आलो. कुणी रागावलं नव्हतं माझ्यावर. मला विसरले होते एवढंच.

एका सुट्टीत मात्र धम्माने मला पुन्हा हातात घेतलं. मातीचा अभ्यास करत होती ती. तिचे अर्ज, तिच्या सरांचे निरोप, तिचं सगळं लिहिलेलं तिच्या मेलमध्ये असायचं. ती जानरावांजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, माह्या मेलले मी दोन कुलपं लावून राह्यली. एक पासवर्ड, थो माह्या डोक्यात. दुसरं म्हंजे एक नंबर. नव्या मोबाइलवर नाही तं कॉम्प्युटरवर मेल उघडाले गेलं, का तो नंबर तुमच्या या फोनवर येईन. दरवेळी नवा."

"माह्याच फोनवर कायले?" जानरावांनी विचारलं.

"माहं सिम तं घडीघडी बदलते. तुमचा नंबर कधी बदलला का?"

त्या एका वाक्याने मी पुन्हा तरुण झालो. तिने आपल्या मोबाइलवर मेलचं अ‍ॅप टाकलं, मी टुणकन वाजलो, सहा आकडे माझ्या लहानशा पडद्यावर उभे राहिले आणि तिचं दार उघडलं. मग ती गंभीर झाली. गल्लीतल्या शालिग्रामकाकांचं प्रकरण ताजं होतं. कुणीतरी भाच्याचं नाव सांगून फोन केला होता, रडून-भेकून असाच एक नंबर मागितला होता आणि त्या भल्या माणसाने तो सांगून टाकला होता. पुढे त्यांचं बँकेतलं खातं कसं रिकामं झालं ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. धम्माने वडिलांचा हात धरला. "बाबा, हा नंबर कोनालेच सांगू नका. अनोळखी फोनवरून माह्या नावानं कोनी मांगला, रडलं, तरी नाही. फोन कापा अन् माह्या नंबरवर सोता लावा."

जानराव शब्दाचे पक्के. त्यांनी कोनाड्याकडे पाहून मान हलवली. पंचशील घेताना ते जशी हलवतात तशीच.

पण गंमत अशी, की मोबाइलमधलं ते अ‍ॅप एकदा ओळख पटली की पुन्हा पुन्हा विचारत नाही. माझं काम त्या दिवशी सुरू झालं आणि त्याच दिवशी थांबलं. दोन वर्षं मला कुणी काही विचारलं नाही. जानराव महिन्याला रिचार्ज तेवढा न चुकता मारत. बाकी माझ्या पाठीवर धूळ बसली आणि बॅटरी फुगून झाकण सैल झालं.

गेल्या हंगामात सोयाबीन काढायच्या वेळी जानरावांनी मला खिशात घालून वावरात नेलं. थ्रेशर दिवसभर धडधडत होतं आणि कुटार वाऱ्यावर उडत होतं. माणसांनी तोंडाला फडकी बांधली होती, माझ्या कानाला कोण बांधणार? ऐकायची जी बारीक भोकं असतात माझी, ती त्या बारीक भुशाने गच्च झाली. त्यानंतर माझ्यातून येणारा आवाज खरखरीत, बसका झाला. जानरावांना वाटलं, आपलेच कान गेले. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. म्हातारा बहिरा झाला म्हणतील, या लाजेने ते गप्प राहिले आणि मी घाणेरडाच राहिलो.

आता तो दिवस सांगतो. तुरी फुलावर आल्या होत्या. भागिरथाबाई दारात मूग निवडत बसल्या होत्या, जानराव जेवून लवंडले होते. मी कोनाड्यात टुणकन वाजलो. सहा आकडे! दोन वर्षांनी! मी थरथरत होतो तोच घंटी वाजली. नंबर अनोळखी होता.

जानरावांनी मला कानाला लावलं. "हॅलो, कोन?"

मित्रांनो, मी तो आवाज पहिल्याच शब्दाला ओळखला. दोरीवरच्या उड्या मारत माझं नाव घेणारा तो आवाज होता. पण माझ्या कुटार भरलेल्या भोकांतून बाहेर पडेपर्यंत त्याची नुसती घरघर झाली.

"बाबा, मी धम्मा बोलून राह्यली. माहा मोबाइल बसमधी चोरी गेला. तुमच्या फोनवर नंबर आला असन, थो सांगा लवकर."

जानराव उठून बसले. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "धम्मा? धम्माचा आवाज असा नाही." आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

तिने शिकवलं होतं तसंच त्यांनी केलं. तिच्या नंबरवर स्वतः फोन लावला. तो बंद होता. प्रसेनजितला लावला, तो ट्रक भरून घेत असणार, त्याने उचलला नाही. पोरीचा फोन बंद आहे आणि तिच्या नावाने भलतंच कुणी नंबर मागतं आहे, यातून बापाने काय समजायचं?

तिकडे नागपुरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. दूरच्या एका मोठ्या संस्थेत पुढच्या संशोधनासाठी धम्माची निवड झाली होती. होकार तिच्याच मेलवरून, त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचा होता, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. मोबाइल गेला तसं अ‍ॅपही गेलं. ती धावत तिच्या विभागातल्या रत्नमाला मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमच्या कॉम्प्युटरवर मेलचा जुना प्रोग्राम होता. त्यात तिने पासवर्ड टाकला, तर तो म्हणे चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. तिला वाटलं, चोराने पासवर्डही बदलला. अर्धी दुपार त्या रडारडीत गेली. मग मॅडमच्या लक्षात आलं, की तो जुना प्रोग्राम दुसऱ्या कुलपाचा नंबर विचारायला शिकलेलाच नाही. त्याच्यासाठी वेगळा पासवर्ड तयार करून घ्यावा लागतो, आणि तो करायचा तरी आधी नंबर हवाच. मग इंटरनेटवरून मेल उघडायला गेल्या, तेव्हा नंबर माझ्याकडे आला. अडीअडचणीसाठी, फोन नसतानाही कुलूप उघडणारे काही जादा नंबर आधीच लिहून ठेवता येतात, पण ते धम्माने 'मग लिहीन' म्हणून राहू दिले होते. मॅडमचा फोन हातात होता, पण तिला प्रसेनजितचा नंबर पाठ नव्हता. मैत्रिणींचे नव्हते. साऱ्या जगातला एकच नंबर तिला पाठ होता, माझा.

तिने पुन्हा फोन केला. आता ती रडत होती. "बाबा, कापू नका, तुमच्या पाया पडतो, येळ चालली माही..."

"कोनाच्या पोरीचं नाव घेऊन राह्यला तू?" जानराव ओरडले. "माह्या पोरीले काई केलं असन तं याद राख!" आणि पुन्हा लाल बटण.

माझ्यासारख्या वस्तूला तोंड नसतं याचं मला एरवी कधी वाईट वाटलं नाही. त्या दुपारी वाटलं. बापाच्या कानाशी लेक रडत होती आणि दोघांच्या मध्ये मी होतो, कानात कुटार भरून बसलेला.

आवाज ऐकून भागिरथाबाई सूप ठेवून आत आल्या. "काहून वरडून राह्यले?"

जानरावांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या तोंडून ते निसटलं, "अन् मले तं आताशा धड ऐकूच येत नाही व."

भागिरथाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "काल मांजर दूध प्यायली थे आंगनातून ऐकू आलं तुमाले. आना तो फोन इकडं." त्यांनी मला उजेडात धरलं. "पाहा, याच्या कानात सारं कुटार भरलं! कान तुमचे नाही गेले, याचे गेले." मग त्यांनी हातातल्या बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि माझं एकेक भोक हलक्या हाताने उकरलं. फुंकर मारली. पदराने पुसलं. मित्रांनो, मी कारखान्यातून निघाल्यापासून इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

घंटी वाजली. भागिरथाबाईंनीच उचलला.

"आये..."

एवढंच ऐकू आलं आणि त्या ओरडल्या, "अवो, धम्माच हाय! आपली धम्मा!"

जानरावांनी मला हातात घेतलं, कानाला लावलं आणि पोरीचं स्फुंदणं नीट ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. तरी ते म्हणाले, "बाई, ओळखला तुहा आवाज. पन तूच सांगतलं होतं, अनोळखी फोनवर तुह्या नावानंही नाही."

मग ती, जरा सावरून, म्हणाली, "हो बाबा. म्याच शब्द घेतला होता. आज मीच तुमाले त्याच्यातून मोकळं करतो. सांगा."

पहिला नंबर तोवर शिळा झाला होता. तिने नवा मागवला, मी वाजलो. भागिरथाबाईंनी माझा पडदा डोळ्यांशी धरून आकडे टिपले आणि जानरावांनी एकेक आकडा थांबून थांबून सांगितला. माझ्या बॅटरीची शेवटची रेघ लुकलुकत होती. मी जीव धरून राहिलो. पलीकडून मॅडमचा आवाज आला, "उघडलं!" आणि मग धम्मा हसली की रडली ते मलाही सांगता येणार नाही.

होकार वेळेत गेला. चार दिवसांनी ती घरी आली, तेव्हा जानराव तिच्याकडे बघेनात. शेवटी म्हणाले, "माही पोरगी रडून राह्यली होती, अन् म्या फोन कापला."

"बाबा, तुमी पहिल्याच फोनले नंबर सांगतला असता, तं मले भेव वाटलं असतं," ती म्हणाली. "तुमी बरोबर केलं. माहंच चुकलं. किल्ली तुमच्यापाशी ठेवली अन् थे चालते का नाही, कधी पाह्यलंच नाही."

मग तिने दुसऱ्या कुलपासाठी प्रसेनजितचाही नंबर जोडला. अडीअडचणीचे ते जादा नंबर कागदावर उतरवून आईच्या पेटीत ठेवले. नवा मोबाइल घेतला, त्यावर अ‍ॅप टाकलं, आणि मला मंगरूळपीरला नेऊन नवी बॅटरी बसवली. झाकण काही नीट झालं नाही. रबरबँड राहिला.

मित्रांनो, तुमच्या मेललाही दुसरं कुलूप लावा. जरूर लावा. पण त्याची किल्ली ज्याच्या हाती दिली आहे, त्याची मधूनमधून चौकशी करा. त्याचा रिचार्ज आहे का, त्याला ऐकू येतं का, त्याच्यावर धूळ बसली आहे का, ते बघा. आणि मी हे फक्त मोबाइलबद्दल बोलत नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

धम्मा आता दूर गेली आहे. दर रविवारी भागिरथाबाई बांगडीची पिन काढून माझे कान साफ करतात आणि मग तिचा फोन येतो. प्रसेनजितच्या मोठ्या फोनवर नाही, माझ्यावर येतो. बोलणं संपतं, दोन्हीकडे सांगायचं काही उरत नाही. पण जानराव लाल बटण दाबत नाहीत. त्या दुपारनंतर त्यांनी धम्माचा फोन स्वतःहून कधीच कापला नाही. तिकडून ती ठेवेपर्यंत मला कानाशी धरून ते तसेच बसून राहतात.