आरशात पाहिलंत का?

सुट्टीला जाताना कोण काय बरोबर नेईल याचा नेम नाही. कुणी पत्ते नेतं, कुणी घरची उशी नेतं. साहेबांनी परीक्षेचे फॉर्म नेले. कोरे, शंभर पानांचं अख्खं पॅड, आणि वर शिट्टी.

साहेब म्हणजे वाहन परवाना कचेरीतले परीक्षक. निवृत्त होऊन तीन महिने झाले होते, पण अंगातली नोकरी काही निवृत्त व्हायचं नाव घेत नव्हती. घरात कुणी खुर्ची मागं सरकवली तरी हे विचारायचे, "मागं पाहिलंत का?" चौतीस वर्षं परक्या माणसांच्या गाड्यांत मागच्या सीटवर बसून त्यांनी परीक्षा घेतल्या. बाकीचे परीक्षक पुढं बसत. साहेबांचं म्हणणं, मागं बसलं की उमेदवाराचे डोळे आरशात दिसतात आणि डोळे खोटं बोलत नाहीत. निरोपसमारंभात एकजण म्हणाला, साहेबांनी उभ्या आयुष्यात फॉर्मवर एकही खोटी खूण केली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि साहेबांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, काय हा विनय! विनय कसला? एक खोटी खूण त्यांनी केली होती आणि ती कुणाच्या फॉर्मवर हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तर मुलगी आणि जावई साहेब आणि त्यांची बायको अशा दोघा म्हाताऱ्यांना समुद्रावर घेऊन आले. किनाऱ्याला लागूनच वाळूच्या टेकड्या होत्या, चांगल्या तीन-तीन मजली उंच. पायथ्याला एक बाई एटीव्ही भाड्यानं देत होती. एटीव्ही म्हणजे जाडजूड चार चाकांची बाइक, वाळूत कुठंही चढणारी. जावई हौसेनं हेल्मेट घालून एकीवर बसला आणि साहेबांच्या कपाळावर आठी पडली.

"थांबा. हिला आरसा कुठाय?"

"बाबा, इथं वाळूत मागून कोण येणार आहे?"

"आजवर ज्यानं ज्यानं असं विचारलं ना, त्याच्या मागून कुणीतरी आलंच."

हे बोलून साहेबांनी पिशवीतून पॅड काढलं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि जावयाच्या मागं बसले. मुलीनं कपाळाला हात लावला. तिला पुढचं सगळं दिसलं असणार.

टेकडीच्या माथ्यावर शिट्टी वाजली. जावई थांबला.

"आरशात पाहिलंत का?"

"आरसाच नाहीये हो!"

"म्हणजे पाहिलं नाहीत. नापास. उतरा."

साहेबांच्या कचेरीच्या परीक्षेच्या मैदानावर एक नियम होता. नापास उमेदवारानं गाडीत बसायचं नाही. गाडी परीक्षक परत नेणार, उमेदवारानं चालत यायचं. बिचारा जावई तापल्या वाळूत एक पाय उचल, दुसरा टेक असं करत खाली आला. सासऱ्यांशी वाद घालायची त्याच्यात धमक नव्हती, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

आता इथंच हे संपायला हवं होतं की नाही? पण माणसाचं डोकं काय असतं बघा! हातात पॅड आणि गळ्यात शिट्टी असलेला माणूस दिसला की लोक आधी रांग लावतात आणि मग विचारतात, रांग कशाची आहे? पाच मिनिटांत साहेबांपुढं दहा माणसं उभी. ओल्या चड्डीतला एक दातांचा डॉक्टर होता. नवीन लग्न झालेलं एक जोडपं होतं. वीस वर्षं बस चालवलेला एक धिप्पाड ड्रायव्हर होता. सुट्टीवर आलेली ही शहाणीसुरती माणसं, पण "वळताना हात दाखवला नाहीत" म्हटल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे शाळेत उभं केल्यासारखे झाले. डॉक्टर म्हणाला, "एक संधी द्या ना, मी घाबरलो होतो." जोडप्यातली बायको नापास झाली, मग नवरा झाला, मग दोघं मिळून खाली आली आणि आपल्यापैकी जास्त वाईट नापास कोण यावर भांडायला लागली. बस ड्रायव्हर तेवढा दिलदार. "साहेबांचं बरोबर आहे," म्हणाला, "मी बसमध्ये पण नव्हतो बघत."

गाडीवाली बाई धावत आली. "काका, काय लावलंय हे? सगळी गिऱ्हाइकं उन्हातून चालतायत!"

"तुमची परीक्षा झालीये का?" साहेबांनी विचारलं.

बाई आल्या पावली परत फिरली. बारावी नापास ती.

दुपारपर्यंत टेकडीच्या पायथ्याला बारा नापास माणसं हेल्मेटं मांडीवर घेऊन बसली होती. घरी जायला कुणी तयार नाही. आपल्यानंतरचा कसा नापास होतो हे बघायला ती थांबली होती. आणि साहेब? तीन महिन्यांत त्यांचा चेहरा इतका खुलला नव्हता.

मग त्यांचं लक्ष रांगेकडं गेलं. रांगेत एकच माणूस उरलं होतं. त्यांची बायको.

सकाळपासून ती छत्रीखाली बसून हा तमाशा बघत होती. आता पदर खोचून, पर्स काखेत मारून उभी होती.

"अगं, तू काय करतेस इथं?"

"परीक्षा द्यायचीय."

साहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं ही परीक्षा याआधी एकदा दिली होती, सव्वीस वर्षांपूर्वी, त्यांच्याच कचेरीच्या मैदानावर. नेमका त्या दिवशी दुसरा परीक्षक रजेवर होता. ती नापास झाली. मैदानाच्या टोकाला साहेबांनी तिला उतरवलं आणि नियमाप्रमाणं गाडी स्वतः परत नेली, आणि ती भाजीची पिशवी घेऊन दीड किलोमीटर चालत आली. संध्याकाळी तिनं रोजच्यासारखं जेवायला वाढलं. त्या दिवसानंतर तिनं चालकाच्या जागेवर पाऊल ठेवलं नाही आणि नापास का केलंत, असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं साहेबांना सव्वीस वर्षं वाटत होतं.

"अगं, ऊन फार आहे," साहेब म्हणाले. "आणि आरसाही नाहीये हिला. उगाच नापास होशील."

तिनं पर्स उघडली. कुंकू लावायचा छोटा गोल आरसा काढला, केसांचे दोन रबर काढले आणि आरसा हँडलला घट्ट बांधला. एका बोटानं कोन नीट केला.

"आता आहे," ती म्हणाली. बसल्या जागी बारा नापासांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब मागं बसले. परीक्षेत ते उमेदवाराला 'तुम्ही' म्हणायचे, बायको असली तरी. "सुरू करा. शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही. शिट्टीशिवाय थांबला तो नापास."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिनं आरशात पाहिलं आणि निघाली.

गाडीवाल्या बाईनं दोन मिनिटं दाखवलं होतं तेवढंच तिचं शिक्षण, पण काय चालवली म्हणता! चढाला वेग, उताराला आवर. साहेबांच्या एका हातात पॅड होतं, दुसऱ्यात पेन, आणि ते भराभर खुणा करत होते. तीच चूक झाली. दोन्ही हात पॅडला म्हणजे गाडीला एकही नाही. माथ्यावर गाडीनं एक लहानशी उडी घेतली आणि साहेब पॅडसकट मागच्या मागं वाळूत बसले.

लागलं काहीच नाही. त्यांनी शिट्टी तोंडात धरून जोरात फुंकली. आवाज आला नाही, वाळू आली. शिट्टी वाळूनं गच्च भरली होती. त्यांनी ती आपटली, झटकली, पुन्हा फुंकली. फुस्स. हाका मारल्या, त्या इंजिनाच्या आवाजात विरून गेल्या. ती आपली पुढं चाललेली. एक टेकडी उतरली, दुसरी चढली. डावीकडं वळायचं होतं तिथं डावा हात बाहेर काढून वळली. पुढं चिटपाखरू नाही, मागं कुणी नाही, तरी हात दाखवला!

आणि साहेब काय करत होते? माथ्यावर मांडी घालून बसले होते आणि फॉर्म भरत होते. सवयीला औषध नाही हो. हाताची खूण, बरोबर. वेगावर ताबा, बरोबर. चढावर गाडी मागं न सरकणं, बरोबर. ती लांब समुद्राच्या कडेनं एक लहान ठिपका होऊन गेली, वळली, पुन्हा मोठी होत आली. अर्ध्या तासात फॉर्मवरचे सगळे रकाने भरले. एक सोडून.

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. इंजिन चालूच.

"वाजवा," ती म्हणाली.

"वाजत नाहीये. वाळू गेलीये."

"मग तोंडानं वाजवा. मी थांबलेले नाही, नुसती उभी आहे."

साहेबांनी तोंडानं शिट्टी वाजवली. तिनं इंजिन बंद केलं.

साहेबांनी फॉर्मकडं पाहिलं. "आरशात पाहिलंत का?"

"दोनदा. पहिल्यांदा तुम्ही होतात, दुसऱ्यांदा नव्हतात."

"मग थांबली का नाहीस? माणूस पडलाय मागं!"

"मान वळवून पाहिलं. वाळूत बसून हसत होतात. म्हणजे लागलं नव्हतं. आणि शिट्टी वाजली नव्हती."

आपण हसत होतो हे साहेबांना माहीतच नव्हतं. त्यांनी शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं. नुसती एक बरोबरची खूण करायची होती. हात पुढं जाईना. घशात आलेलं परत गिळायची त्यांची सव्वीस वर्षांची सवय, पण आज वाळूनं घसा कोरडा पडला होता, गिळलं जाईना.

"अगं, त्या दिवशीसुद्धा तू पाहिलं होतंस," ते म्हणाले. "आरशात आपली नजरानजर झाली होती."

"झाली होती. मी हसलेसुद्धा होते. तुम्ही नजर काढून घेतलीत."

"खिडक्यांत अख्खी कचेरी उभी होती बघायला. म्हणाले असते, यानं बायकोला पास केलं."

"म्हणून बायकोला नापास केलंत."

"हो."

"आणि मला दीड किलोमीटर चालवलंत."

"हो. चुकलं माझं. फार चुकलं." साहेबांचे डोळे भरून आले. "पण तू एका शब्दानं बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"फॉर्मच्या खाली छापलंय. निकालाबद्दल परीक्षकाशी वाद घालू नये."

साहेबांनी खूण केली, खाली मोठ्या अक्षरांत 'पास' लिहिलं, सही केली आणि कागद फाडून तिला दिला. तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला, चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि चेन लावून वरून हात फिरवला. मग नाक पुसलं आणि हात पुढं केला.

"पॅड द्या. पेन पण."

"कशाला?"

"द्या तर."

तिनं कोरं पान काढलं. उमेदवाराच्या नावाच्या जागी त्यांचं नाव लिहिलं. बाकीचे रकाने तसेच सोडले. आरशाच्या रकान्यात फुली मारली आणि शेजारी कारण लिहिलं : 'पाहिलं, पण नाही म्हणाले.' खाली लिहिलं, नापास.

साहेबांनी कागद वाचला.

"फेरपरीक्षा?" त्यांनी विचारलं.

"तीस दिवसांनी. छापलेलंच आहे." तिनं गाडी सुरू केली. साहेब सवयीनं मागं बसायला गेले, तशी तिनं मान हलवली. "अंहं. नापास उमेदवार."

साहेबांनी चपला हातात घेतल्या आणि चालायला लागले. खालून बारा नापासांनी तेरावा येताना पाहिला आणि जल्लोष केला. जावई तर शिट्ट्या मारत होता. वाळू भाजत होती. साहेब एक पाय उचल, दुसरा टेक असं करत उतरत होते.

ती निघून गेली नाही. त्यांच्या चार पावलं पुढं गाडी अगदी हळू, त्यांच्या चालीनं नेत होती. हँडलवरच्या त्या छोट्या आरशात तिचे डोळे दिसत होते. डोळे त्यांच्याकडं बघत होते. साहेबांनी या वेळी नजर काढून घेतली नाही.