अपात्र भोपळा

विलो ग्रीनमध्ये मांजराचंसुद्धा नाव छापून येतं. बिस्किट. दर दोन महिन्यांनी ते हरवतं आणि दर वेळी त्याचा फोटो येतो. खाली वय, रंग, स्वभाव. ‘अनोळखी माणसांना लाजतो.’ साफ खोटं. ते रोज दुपारी माझ्या ढकलगाडीत पाला अंथरून झोपतं. लाजत असेल तर कॉलनीवाल्यांना.

दुबईतल्या अल बर्शापासून गाडीनं वीस मिनिटांवर, वाळूत वसवलेलं हे विलायती खेडं. उतरती छपरं आहेत, पाऊस वर्षातून चार वेळा. धुराडी आहेत, खाली चूल नाही. लाल टेलिफोनची खोली आहे, आत टेलिफोन नाही. एक तळं आहे, त्याला बटण आहे. राहणारे निम्मे इंग्रज आणि निम्मे इंग्रजांना आपण आवडावं म्हणून जिवाचं रान करणारे. आणि हे सगळं हिरवं ठेवणारे आम्ही अकरा माळी. सकाळी कामगारांच्या कॅम्पच्या बसनं येतो, संध्याकाळी कॅम्पच्या बसनं जातो.

दर महिन्याला गावाचं चार पानी बातमीपत्र निघतं. ते काढतात पॅम मॅडम. वय अडुसष्ट, डोक्यावर गवताची टोपी, चाल पोस्टमनची. कोणाचा केक फुगला, कोणाचा कुत्रा पास झाला, कोण कोणाला कात्री परत देत नाही, सगळं त्यात. मी दहावी नापास. इंग्रजी शिकलो ते या बातमीपत्राच्या रद्दीतून. तीन वर्षांचे सगळे अंक वाचलेत. त्यात आमचा उल्लेख एकदाच: ‘हिरवळीबद्दल बागकाम विभागाचे आभार.’ विभाग! मांजराला नाव आणि अकरा माणसांना विभाग.

तेव्हाच ठरवलं. या कागदावर माझं नाव आणायचंच. रामेश्वर. पूर्ण. मांजराच्या वर नाही तर खाली, पण आणायचं.

दर फेब्रुवारीत इथं ‘व्हिलेज शो’ भरतो. केक, मुरंबे, कुत्र्यांची शर्यत आणि सगळ्यात मानाचं बक्षीस: सर्वांत मोठी भाजी. तीन वर्षं ते कॉलिनसाहेब काकडीवर नेतायत. त्यांच्या काचघराला एसी आहे. काकडीला एसी! आमच्या कॅम्पच्या खोलीतला एसी मार्चपासून खोकतो.

ऑक्टोबरात मी पंप हाऊसच्या मागं लाल भोपळ्याचं बी टोचलं. बी लांज्याचं, आमच्या परड्यातलं. शेळ्यांच्या लेंड्यांचं खत अहमदनं आणलं. अहमद आमच्या पिकअपचा ड्रायव्हर, पेशावरचा. त्याचा मामा अल ऐनला एका फार्मवर शेळ्या सांभाळतो.

“कद्दू के लिए इतना?” तो म्हणाला. “हबीबी, शादी कर ले, उससे कम मेहनत है.”

पाणी दिलं पंप हाऊसच्या एसीचं. मोटारी गरम होतात म्हणून तो एसी बारा महिने चालतो आणि मागच्या नळीतून टपटप गोडं पाणी गळतं. आजवर ते वाळूत जायचं.

भोपळा मुठीएवढा झाला तेव्हा मी टाचणीनं त्याच्या सालीवर नाव कोरलं. रामेश्वर. आमच्याकडे लहानपणी सगळेच कोरायचे. फळ वाढतं तसा ओरखडा वाढतो. जानेवारीत त्यातला एकेक काना माझ्या करंगळीएवढा जाड झाला होता.

आमचे मुकादम बाबाजी. एकोणीस वर्षं इथं काढलेला माणूस. त्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “अरे, कंपनीच्या जागेत भाजी लावतोस आणि वर सहीपण करतोस?”

“बाबाजी, नाव यायला पायजे.”

“भोपळा कुणाच्याही नावानं खाल्ला तरी गोडच लागतो. गप काढ आणि कॅम्पात आण. डाळीत घालू.”

नाही आणला. पण अडचण खरी होती. शोमध्ये भाग घेणार फक्त राहणारे. आम्ही राहणारे नाही. आम्ही नुसते असणारे.

म्हणून मी चौदा नंबरच्या छायाताईंकडे गेलो. पुण्याच्या. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एचआरच्या मोठ्या हुद्द्यावर. माझ्याशी मराठीत बोलतात, दिवाळीला अकरा जणांना अकरा डबे देतात. खोटं कशाला बोलू, बाई वाईट नाही. भोपळा बघून त्या खालीच बसल्या.

“रामेश्वर! हा किती किलोचा आहे?”

“चाळीसच्या आसपास. ताई, फॉर्म तुमच्या नावानं भरा. पण कार्डावर लिहा, ‘पिकवला रामेश्वरने.’ बस्स.”

“ऑफकोर्स! अरे, तुझं क्रेडिट तुलाच मिळायला हवं.”

फेब्रुवारीचा अंक आला. पहिल्याच पानावर: ‘यंदा कॉलिन यांना आव्हान! चौदा नंबरच्या छाया यांनी आपल्या हातांनी वाढवलेला महाकाय भोपळा.’ सोबत फोटो. छायाताई, हातात झारी. ती झारी माझी होती.

मी छायाताईंच्या दारात उभा राहिलो. “ताई, हे काय?”

“अरे, पॅमने परस्पर छापलं. आता करेक्शन दिलं तर किती ऑक्वर्ड होईल!” मग आवाज खाली आला. “सहा वर्षं झाली मला इथे. आजवर माझं नाव एकदाच आलंय. ‘समोसे: छाया.’ मी समोसे बनवतसुद्धा नाही रे, करामातल्या हॉटेलातून मागवते.”

मला हसू आलं आणि रागही आला. समोशाचं तरी आलं ना बाई! मला समोसासुद्धा नाही मिळाला.

शोच्या सकाळी अहमद आणि मी भोपळा पिकअपमधून हिरवळीवर नेला. काटा म्हणाला अडतीस किलो. कॉलिनसाहेबांची काकडी दोन किलो शंभर ग्रॅम, मखमलीवर निजलेली. टेबलावर ठेवताना मी नाव समोर येईल असा भोपळा फिरवला. छायाताई पुढं झाल्या आणि कानाशी म्हणाल्या, “ती बाजू खाली ठेव. ओरखडे दिसतात. प्लीज.”

ओरखडे!

ठेवली. कंपनीचा सुपरवायझर दहा हातांवर उभा होता, काय करणार? पण छातीत असं काही तापलं की तिथं काकडी ठेवली असती तर कोशिंबीर झाली असती.

पॅम मॅडमनी भोंग्यातून पहिलं बक्षीस जाहीर केलं. छाया! टाळ्या. कॉलिनसाहेबांनी काकडीला रुमालानं झाकलं, मयताला झाकतात तसं. आता इथली रीत अशी, की जिंकणाऱ्यानं आपल्या भाजीला स्वतः पहिली सुरी लावायची आणि मग तिचं सूप सगळ्या गावानं प्यायचं. छायाताईंच्या हातात रिबिन बांधलेली सुरी दिली. त्यांनी फोटोसाठी मान तिरकी केली, सुरी उचलली...

“ए सूनबाई! हात आवर!”

अख्ख्या हिरवळीनं मान वळवली. कुत्र्यांनीसुद्धा.

पहिल्या रांगेतून ठकुबाई उठल्या. प्रकाशसाहेबांच्या आई, म्हणजे छायाताईंच्या सासूबाई. जुन्नरकडच्या. व्हिजिट व्हिसावर येऊन पंधरा दिवस झालेले. नऊवारी, पायात सुनेचे स्पोर्ट्स शूज, हातात केकचा तुकडा. त्या तुकड्याचे सतरा दिरहाम म्हणजे चारशे रुपये झाले हे त्या सकाळपासून भेटेल त्याला मराठीतून सांगत होत्या, आणि इंग्रज मान डोलवत होते.

“आई, प्लीज,” छायाताई दात आवळून हसत म्हणाल्या. “इथे चालतं.”

“कुठं चालतं? भोपळा म्हंजी घरचा थोरला ल्योक. अख्ख्या भोपळ्याला बाईमाणसानं पयली सुरी लावायची न्हाई. गड्यानं लावायची. मग कर काय सूप करायचं त्ये!”

पॅम मॅडमनी विचारलं, आजी काय म्हणतायत? छायाताईंची मुलगी सृष्टी, वय दहा, तिनं भोंगाच हातात घेतला. “ग्रॅन सेज द पम्पकिन इज अवर एल्डेस्ट सन. मॉम कान्ट स्टॅब हिम. अ मॅन हॅज टू स्टार्ट.”

पॅम मॅडम म्हणाल्या, “फारच योग्य. माझ्या नवऱ्यानं तर आयुष्यात काहीच सुरू केलेलं नाही.” बायका अशा हसल्या की एकीच्या बशीतून मुरंबा सांडला.

मग प्रकाशसाहेबांना ढकललं पुढं. साहेब बँकेत मोठे, पण घरात लिंबूसुद्धा कापलेलं नसावं. त्यांनी डोळे मिटून सुरी मारली. चार बोटं आत गेली आणि अडकली. ओढली, येईना. दोन्ही हातांनी ओढली. येईना. मग टेबलाला पाय लावून ओढली.

“यल्ला! जोर लगाओ!” अहमद ओरडला.

टेबल घडीचं होतं. त्याची घडी झाली.

अडतीस किलो उतारावरून निघाले. पाठीत सुरी, त्यामुळे सरळ गडगडेना. दर गिरकीला सुरीच्या मुठीवर अडखळायचा, उसळायचा, परत पुढं. लंगडा हत्ती पळावा तसा. पुढं भोपळा, मागं शर्यतीचे सात कुत्रे, त्यांच्या मागं पट्टे धरून सात मालक. बिस्किट मुरंब्यांच्या टेबलावरून उडालं ते थेट परीक्षकांच्या टोपीवर. “प्रकाश, त्याला धर!” ठकुबाई ओरडत होत्या. “थोरला हाय आपला!” वाटेत मुठीला दणका बसून सुरी सुटली आणि वाळूच्या बादलीत जाऊन उभी राहिली. भोपळा केकच्या टेबलाच्या पायाला टेकला, क्षणभर विचारात पडला आणि थांबला. टेबल नाही थांबलं. तीन मजली केक कॉलिनसाहेबांच्या मांडीवर उतरला.

आणि भोपळ्याची खालची बाजू वर आली होती.

ठकुबाई धापा टाकत पोचल्या. त्या साठाव्या वर्षी गावच्या रात्रीच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या आणि दुबईत पंधरा दिवसांत त्यांना वाचायला एक मराठी पाटी मिळाली नव्हती. उपाशी माणसाला ताट दिसावं तशा त्या खाली वाकल्या. बोट लावून वाचलं.

“रा... मे... श्व... र.” परत वाचलं. “रामेश्वर. कोण हाय रं रामेश्वर?”

सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. बाबाजी आभाळाकडे.

“आई, ते नुसते ओरखडे आहेत,” छायाताई म्हणाल्या.

“मला अक्षर वळखू येतं!” ठकुबाईंचा आवाज चढला. “ल्योक कुणाचा, त्ये अंगावर लिवलंय बापानं. आन् तू म्हंतीस तुझा!”

सृष्टीनं भोंग्यातून तेही सांगितलं. शब्दाला शब्द. आवरायला गेलेल्या बापाच्या हातातून दोनदा निसटून सांगितलं.

मी पुढं झालो. तीन वर्षांचं तोंड बंद होतं, ते उघडलं. “मी रामेश्वर.”

छायाताई पॅम मॅडमना घाईनं म्हणाल्या, “ही हेल्प्ड मी. खूप मदत केली त्यानं.”

“नो मॅडम,” मी म्हणालो. “शी हेल्प. आय ग्रो. शी फिल फॉर्म.”

छायाताईंचा चेहरा पडला. मी वाट बघत होतो, आता काय म्हणतात. त्या भोपळ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “येस. ही इज राइट.” एवढंच. पण भोंग्याजवळ म्हणाल्या.

पॅम मॅडमनी खिशातून नियमांची वही काढली. नियम सातवा: भाजी स्वतःच्या हातांनी वाढवलेली हवी. म्हणजे छायाताई बाद. नियम दुसरा: भाग घेणारा इथला रहिवासी हवा. म्हणजे मी बाद. सबब भोपळा अपात्र. पहिलं बक्षीस काकडीला. कॉलिनसाहेब मांडीवर केक घेऊनच उठले आणि वाकून अभिवादन केलं.

लोकांनी हुर्यो उडवली. गोऱ्या लोकांना अशी हुर्यो उडवताना मी पहिल्यांदा पाहिलं. चांगली येते त्यांना. माझं मात्र काकडीकडे लक्ष नव्हतं.

“मॅडम, हे पेपरात येणार?”

पॅम मॅडमनी टोपी सरळ केली. “या गावात जे घडतं ते सगळं मी छापते.”

“नाव टाकून?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा, झाडाकडे न बघता माझ्याकडे. पेन्सिल काढली. “सांगा.”

“आर, ए, एम...” सृष्टी सुरू झाली. मी तिला थांबवलं आणि एकेक अक्षर स्वतः सांगितलं.

“आता झालं ना तुमचं?” ठकुबाईंनी सुरी धुऊन माझ्या हातात कोंबली. “ज्याचा ल्योक त्यानं लावावी. आन् सूप न्हाई करायचं, मी घारगे करनार. गूळ हाय का या गावात?”

मी सुरी लावली. आत गर असा केशरी की ढगाळ दिवशी दिवा लागावा. चौदा नंबरच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत घारगे तळले गेले. छायाताईंनी पीठ मळलं. पहिली बशी त्यांनी मला दिली, दारात नाही, आत खुर्चीवर. मी बसलो आणि खाल्ले. माफ केलं असं म्हणणार नाही. पण घारगे चांगले होते.

सुपरवायझरनं मला लेखी ताकीद दिली: कंपनीच्या जागेत बेकायदा वेल. त्यावरही माझं नाव होतं. पॅम मॅडमच्या वहीनंतर एका आठवड्यात दुसऱ्यांदा!

मार्चचा अंक आला. चौथं पान. बिस्किट परत हरवलं होतं, त्याच्या फोटोच्या बरोबर खाली एक ओळ. कॅम्पच्या बसमध्ये मी ती सगळ्यांना इंग्रजीतूनच वाचून दाखवली. ‘अपात्र: भोपळा, ३८ किलो, वाढवणारा रामेश्वर.’

बाबाजींनी कागद हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. “हे डिस्क्वालिफाइड म्हंजे काय रे?”

“म्हंजे इतका मोठा, की बक्षिसात मावला नाही.”

बाबाजींनी मान हलवली. “मग बरोबर छापलंय,” ते म्हणाले, आणि कागद नीट घडी करून पुढच्या सीटवर दिला.