लिंबाच्या रोपांत मी नको होतो

मी चुना बोलतोय. मयूर विहारच्या एका बाल्कनीत, बिस्किटांच्या जुन्या डब्याच्या तळाशी उरलोय. थकलोय.

माझा जन्म सावंतवाडीकडचा. खाडीतल्या शिंपल्या भट्टीत भाजल्या, पाणी मारून विरवल्या, त्यांची भुकटी म्हणजे मी. तिकडची लाल माती आंबट. मला मूठभर मिसळलं की कलमं कशी तरारून यायची! तेवढं पाहून श्यामकांत मला दिल्लीला घेऊन आले. केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेला माणूस. आपली सही झाली की विषय संपला, ही सवय मात्र रिटायर झाली नाही.

त्यांच्या मुलीने, रुचिताने, दुसऱ्या वर्षीच कॉलेज सोडलं. बाल्कनीत तिने लिंबाची चाळीस रोपं वाढवली होती. दिल्लीजवळच्या मानेसरचा एक नर्सरीवाला म्हणाला होता, रोपं आणून दाखव, चांगली असतील तर कामावर ठेवतो.

एका सकाळी ती बाहेर गेली आणि श्यामकांतांनी मला रोपांच्या सगळ्या पिशव्यांत भुरभुरवलं. इथल्या मातीत चुना मुळातच भरपूर. पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो. आत जाताच मला कळलं, आपण इथे जास्तीचे. माझ्यामुळे मातीतलं लोह मुळांना मिळेना. पंधरा दिवसांत कोवळी पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या.

"बाबा, चुना घातलात?"

"अगं, कोकणात आम्ही..."

"ही दिल्ली आहे यार! इथे नाही घालायचा."

"अच्छा! कॉलेज सोडून बसलेली मला शिकवणार?"

पानं आणखी पिवळी झाली. 'कमी पडला वाटतं,' असं पुटपुटत त्यांनी तिच्या नकळत पुन्हा मूठ भरली. मोठ्यांचं हे असंच. औषध बाधलं की डोस वाढवायचा.

ठरलेल्या दिवशी रुचिता तीच रोपं घेऊन गेली. संध्याकाळी तशीच परत घेऊन आली.

"काय म्हणाला?" पेपरमधून डोकं न काढता श्यामकांतांनी विचारलं.

"म्हणाला, बेटा, पहले मिट्टी समझो."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? रोपं माझीच आहेत ना."

त्यांनी पेपरचं पान उलटलं. बस्स, एवढंच.

श्यामकांत, मला आता कचऱ्याच्या गाडीत टाका, माझी तक्रार नाही. मला तोंड नव्हतं म्हणून मी गप्प राहिलो. तुम्हाला आहे. ती आत पाय दुमडून बसली आहे. जा, आणि एकदा म्हणा, मी चुकलो.