चादरीची उरलेली दोन टोके

इस्पितळाच्या धुलाईघरात अण्णा चादरीची दोन टोके हातात धरून उभा होता. अर्धा तास झाला होता. समोर कोणीच नव्हते.

"रोज हेच चाललंय," मुकादम अण्णाच्या धाकट्या बहिणीला बाजूला घेऊन म्हणाला. "टॉवेलांच्या घड्या झटपट घालतो. चादर हातात आली की पुतळा! ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण आता त्याला घरी बसवा. वय झालं."

वय त्रेपन्न. पण डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांना म्हातारपण लवकर गाठते आणि पुष्कळदा विस्मरणही त्याच्या पाठोपाठ येते, असे डॉक्टरांनी तिला केव्हाच सांगून ठेवले होते. त्या दिवसाच्या धास्तीतच ती जगत आली होती. या वाफाळत्या खोलीबाहेर अण्णाला दुसरे जग नव्हते. घरी बसवले तर तो खिडकीशी बसून सुकून जाईल, हे तिला आताच दिसत होते.

"अण्णा, घडी कशी घालायची ते आठवत नाही का रे?"

अण्णाने तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "चादरीला चार टोकं असतात, छोटे. दोन माझी, दोन चिमणीची."

"अरे, दुसरं माणूस देतो की तुला!" मुकादम म्हणाला. "मी स्वतः धरतो."

"तुमची घडी पोटात फुगते. तुमच्यासारखी." अण्णा हसला नाही. "चिमणी येणार आहे. छोटी म्हणाली."

बहिणीने त्याला हाताला धरून बाहेर नेले.

चिमणी अण्णासारखीच, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. बावीस वर्षे ती त्याच्या समोर उभी राहिली होती. दोघे चादर ताणून जवळ येत, बोटांना बोटे लागत, टोके हातात देऊन ती मागे सरे, आणि पुढच्या चादरीला पुन्हा तेच. मग तिची आई गेली आणि नातेवाइकांनी तिला अशा माणसांना सांभाळणाऱ्या, गावाबाहेरच्या निवासात ठेवले. अण्णा रडेल म्हणून बहिणीने सांगितले होते, "पाहुण्यांकडे गेलीय, येईल हं." त्याला आठ महिने झाले होते. तो विसरेल, ही आशा तिनेच धरली होती.

बाहेरच्या पायरीवर बसून तिने त्याला सगळे खरे सांगितले. त्याने स्वतःच्या तळहातांकडे पाहिले.

"मी थांबलोय, हे तिला माहीत आहे का?"

तिने निवासात फोन लावून भेटीचा वार विचारला.

निवासात भेटीचा वार गुरुवार. अण्णाने तासभर केस विंचरले. चिमणी व्हरांड्यात बसून झग्याच्या काठाचा दोरा उसवत होती. फार वाळली होती. "हल्ली ती ओळखेलच असं नाही हं," तिथल्या सेविकेने आधीच सांगितले.

चिमणीने मान वर केली. "तू कोण?"

बहिणीने तोंड फिरवले. भावासाठी जिची भीती बाळगली, ती विस्मृती इथे येऊन बसली होती.

अण्णाने खुर्ची जवळ ओढली. "मी अण्णा. धुलाईघरातला. तू माझ्यावर ओरडायचीस, सरळ धर म्हणून."

"मी कोणावर ओरडत नाही."

"ओरडायचीस. खूप."

ती खुदकन हसली. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले, "तू कोण?" त्याने पुन्हा सांगितले, तितक्याच आनंदाने, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे. तिसऱ्यांदाही.

फाटकापाशी बहिणीला राहवले नाही. "अण्णा, ती तुला विसरली रे."

"हो." तो मागे वळून व्हरांड्याकडे पाहत होता. डोळे भरले होते, पण आवाज कामावरचा होता. "मग सांगायला कोणीतरी यायला हवं ना? मुकादमांना सांग, चादर धरायला उद्यापासून कोणीही चालेल. पण गुरुवारी मला सुट्टी पाहिजे."