काळजी कुणी कुणाची घ्यायची

अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या पंचफुलाबाईंना दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या शेजारच्या गल्लीतली जेबा नापास झाल्यापासून उंबऱ्याबाहेर पडत नाही. भरतकाम शिकायच्या निमित्तानं तिच्याकडे जात जा."

पंचफुलाबाई तीन दुपारी गेल्या. जेबा सुईत दोरा ओवून द्यायची आणि मधूनच विचारायची, "मावशी, जेवलात का? झोप लागते का?"

पंचफुलाबाई बुचकळ्यात पडल्या. खचली ही पोरगी आणि विचारपूस माझी? चौथ्या दिवशी त्यांनी विचारलंच, "माझी एवढी काळजी का करून राहिलीस गं?"

जेबा गोंधळली. "सिस्टरच म्हणाल्या, काका गेल्यापासून मावशी कुणाशी बोलत न्हाईत, त्यांना जरा रमव."

"आन् मला तुझ्यासाठी पाठवलं की!"

आजारी नेमकं कोण, हे पंचफुलाबाईंना उमगेना. सकाळी केलेला स्वयंपाकच आपण रात्रीही खातो, कधी तोही नको वाटतो, हे त्यांनी लेकालाही सांगितलं नव्हतं. ते जेबाला सांगून टाकलं. मग जेबाही बोलू लागली, आणि बोलता बोलता त्यांना सोडायला थेट गल्लीच्या तोंडापर्यंत आली.

सिस्टरवर रागवावं की काय करावं, हे पंचफुलाबाईंना घरी पोचेपर्यंत कळलं नाही.