बेकरीवालीचा अंदाज

"सासरे काय करतात?" असं कुणी विचारलं की सून सांगायची, "डोळे करतात." समोरच्याला वाटायचं, डोळ्यांचे डॉक्टर असणार. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागे. डॉक्टर नाहीत, डॉक्टरांनी हात टेकले की लोक त्यांच्याकडे येतात. अपघातात नाहीतर आजारात ज्याचा डोळा गेला, त्याच्या रिकाम्या जागी बसवायचा खोटा डोळा ते बनवतात. आकाराने शिंपल्याएवढा आणि शिंपल्यासारखाच वाकलेला. त्याने दिसत काहीच नाही, पण तो लावला की माणूस चारचौघांत मान वर करून बसतो.

सून रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे रंग म्हणजे यंत्राने दिलेले तीन आकडे. आकडे जुळले की डबे भरायचे आणि पुढचं काम घ्यायचं. संध्याकाळी घरी आली की मात्र ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून पुढच्या खोलीत डोकवायची. पुढची खोली म्हणजे बाबांचं दुकान. खिडकीशी टेबल, टेबलाच्या एका बाजूला बाबांचं स्टूल, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाची खुर्ची. दोघांच्या तोंडावर सारखाच उजेड यावा, अशी मांडणी. दिव्याच्या उजेडात रंग जुळवायचा नाही, हा बाबांचा नियम. दिवा गोड बोलतो, ते म्हणायचे, खिडकी खरं बोलते.

पहिल्यांदा तिने त्यांना बुबुळ रंगवताना पाहिलं, तेव्हा तिला वाटलं होतं की तपकिरी डोळा म्हणजे तपकिरी रंग. बाबांनी तपकिरी रंगाला हातसुद्धा लावला नाही. आधी राखाडी, त्यावर शेवाळासारखा हिरवट, मग बाहुलीभोवती मधाच्या रंगाच्या बारीक रेघा, आणि कडेला अंधार पडायला लागल्यासारखी एक निळसर कड. ब्रशला चारच केस असतील. एकावर एक थर चढत गेले आणि अचानक तिथे एक तपकिरी डोळा होता, तिच्याकडे बघणारा. पांढऱ्या भागावरच्या शिरांसाठी ते लाल रेशमाचा धागा सोडवून त्याचे तंतू वेगळे करत. "अगदी पांढराशुभ्र डोळा फक्त खेळण्यातल्या बाहुलीला शोभतो," ते म्हणाले. "माणसाच्या डोळ्यात त्याचं जागरण दिसायला हवं."

"कंटाळा नाही येत, बाबा? इतकी वर्षं तेच ते?"

"तेच ते कुठे? दोन डोळे सारखे मला अजून भेटायचेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे बाहेर बोलू नकोस, पण लोकांनी पैसे दिले नसते तरी मी हेच केलं असतं."

"मला माहितीय ते," सासूबाई आतून म्हणाल्या. "सुरुवातीची काही वर्षं केलंतच की तसं."

बाबांची कामाची एक रीत मात्र सुनेला सगळ्यांत जास्त आवडायची. नवा डोळा बसवला की ते गिऱ्हाइकाला कोपऱ्यावरच्या बेकरीत पाठवत. त्याने बिस्किटं घ्यायची, बेकरीवाल्या काकूंशी समोरासमोर चार शब्द बोलायचे आणि निघायचं. मग बाबा स्वतः बेकरीत जात आणि विचारत, "सांगा, कुठला खोटा?" काकू सांगत, डावा किंवा उजवा. चुकल्या, तर डोळा पास. बरोबर आल्या, तर बाबा गिऱ्हाइकाला पुन्हा खुर्चीत बसवत आणि काहीतरी सुधारत.

"पण त्या नुसत्या अंदाजानेही बरोबर येऊ शकतात ना?" सुनेने एकदा विचारलं होतं.

"येऊ देत की. त्या निमित्ताने डोळा आणखी थोडा सुधारतो. माझं काय बिघडतंय?"

गेलं वर्षभर बाबा खुशीत होते. काकू एकदाही बरोबर आल्या नव्हत्या. "परवाही चुकली. कालही चुकली," ते जेवताना सांगत. "हात आता कुठे बसायला लागलाय बघ." खिडकीच्या काचेवर मात्र ते वैतागलेले असत. कितीही पुसली तरी पहिल्यासारखा उजेड येत नाही म्हणत. सासूबाईंनी ती काच इतकी घासली होती की पाखरं येऊन आपटायची.

त्या दिवशी सून घरात शिरली, तर भूगोलाच्या बाई नवा डोळा लावून बाहेर पडत होत्या. शाळेत शिकवणाऱ्या या बाई बाबांच्या जुन्या गिऱ्हाईक. डोळा काही वर्षांनी झिजतो, बदलावा लागतो, म्हणून आल्या होत्या. दारात दोघी समोरासमोर आल्या आणि सुनेचं पाऊल अडखळलं. बाईंचा खरा डोळा वयाप्रमाणे किंचित पिवळसर, जुन्या कागदासारखा. नव्या डोळ्याचा पांढरा भाग निळसर होता. फार नाही, पण दिवसभर रंगाच्या बारीक फरकांशीच झटणाऱ्या माणसाला तो न दिसता तरच नवल.

बाई हसल्या. "छान झालाय ना?"

"हो, छान," सून म्हणाली आणि स्वतःवरच चिडली.

जेवताना बाबा म्हणाले, "बाईंचाही पास. काकू पुन्हा चुकली." आणि सुनेचा घास हातातच राहिला. हे तिला आधी कसं सुचलं नाही? ज्याला खरंच कळत नाही, तो नाणं उडवल्यासारखा बोलतो. कधी चुकतो, कधी बरोबर येतो. वर्षभरात एकदाही बरोबर न येण्यासाठी खरं उत्तर माहीत असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाताना ती बेकरीत थांबली. काकू काउंटर पुसत होत्या.

"काकू, तुम्हाला ओळखू येतात ना डोळे?"

काकूंनी फडकं खाली ठेवलं नाही, पण पुसायच्या थांबल्या. "मला वाटलंच होतं, एक दिवस तूच येशील. चश्मिश माणसं नसत्या गोष्टी बघतात."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. आधी वाटलं, एखादा डोळा बिघडला असेल. मग सगळेच तसे यायला लागले. बर्फासारखे." त्या जवळ सरकल्या. "बाबांना काय सांगू मी? दारात उभे राहतात ना, परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे. आणि गिऱ्हाइकंच मला सांगून जातात, काकू, चुकीचाच सांगा हं. कालची ती शाळेतली बाई म्हणाली, या माणसाने मला पुन्हा वर्गासमोर उभं केलं, थोडा निळा तर निळा."

कारखान्यात दिवसभर तिचं लक्ष लागलं नाही. काय झालं असणार ते तिला दिसत होतं. बाबांना मोतीबिंदू होत होता. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की निळा रंग तिथेच अडतो. पिवळ्या काचेतून बघणाऱ्याला पांढरं, पिवळसर आणि निळसर यांतला फरक कळणार कसा? त्यांच्या दृष्टीने रंग जुळतच होते. तिने सासूबाईंना सांगितलं, तर त्या बराच वेळ भांडी पुसत राहिल्या.

"तूच सांग बाई. मी सांगितलं तर म्हणतील, तुझा चष्मा बदल. आणि ऑपरेशनचं नाव काढलंस, तर घर डोक्यावर घेतील. त्यांना फार भीती आहे त्याची."

"इतकं साधं ऑपरेशन, आई?"

"तुला साधं. ते रोज कुणाला भेटतात, त्याचा विचार कर."

रविवारी सकाळी बाबा खिडकीशी बसले होते. सून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. आदल्या रात्री जुळवलेली सगळी वाक्यं ती विसरली होती.

"बाबा, काकू वर्षभर एकदाही बरोबर आल्या नाहीत."

"मग? म्हणूनच तर."

"नुसता अंदाज करणारा माणूस अधूनमधून बरोबर येतोच. मी मागे म्हटलं, तेव्हा तुम्हीही मान्य केलं होतंत. सतत चुकायचं तर खोटा डोळा ओळखू यावा लागतो."

बाबांनी ब्रश रंगात बुडवला होता. तो तसाच हवेत राहिला. ते हुशार होते. पुढचं तिला बोलावं लागलं नाही. त्यांनी ब्रश पाण्यात धुतला, फडक्याला टिपला, टोक ओठांनी नीट केलं आणि जागेवर ठेवला. मग पायात चपला सरकवून ते बेकरीकडे निघाले. सून मागोमाग.

काकूंनी त्यांना येताना पाहिलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला घाईघाईने वाटेला लावलं.

"किती डोळे?" बाबांनी विचारलं.

"अहो, बसा तरी."

"बसायला नाही आलो. किती?"

"सगळेच," काकू म्हणाल्या. "पण कुणाची तक्रार नाही हो. देवाशपथ नाही. लोक तुमच्यावर जीव टाकतात."

"म्हणूनच तुम्हाला विचारायचो ना मी. तुम्ही जीव टाकणाऱ्यांतल्या नाही, असं वाटायचं." आवाज चढला नव्हता, पण काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला बरं वाटावं म्हणून नव्हतो विचारत, काकू. ती माणसं तो डोळा घेऊन जगात हिंडतात. मी इथे बसून असतो."

घरी येऊन ते स्टुलावर बसले, पण कामाला हात लावला नाही. सुनेने मोतीबिंदूचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे बंद करायचं."

"बंद कशाला? ऑपरेशन करायचं."

"अगं, तीस वर्षं मी डोळ्यांची ऑपरेशनंच बघतोय. एकही धड झालेलं बघितलं नाही."

"धड झालेली माणसं तुमच्याकडे कशाला येतील, बाबा?"

दारात उभ्या सासूबाईंना हसू आलं. त्यांनी ते पदराआड केलं. बाबांना हसू आलं नाही. ते कपाटातल्या, अजून न रंगवलेल्या पांढऱ्या शिंपल्यांकडे बघत होते.

"ते बिघडलं तर एका डोळ्याचा रंगारी होईन मी," ते म्हणाले. "नाही केलं तर दोन्ही डोळे असून लोकांना निळं करत बसेन." मग सुनेकडे वळून, "भूगोलाच्या बाईंना फोन लाव. म्हणावं, तो डोळा तात्पुरता आहे."

ऑपरेशन आधी उजव्या डोळ्याचं झालं. टेबलावर झोपवताना बाबांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, "काही झालंच तर माझ्या मापाचा साचा कोण घेणार?" डॉक्टर म्हणाले, "गप्प पडून राहा. तुमच्या धंद्यात भर टाकायचा माझा विचार नाही."

पट्टी निघाली त्या दिवशी ते घरभर हिंडत होते. एक डोळा मिटायचे, दुसरा उघडायचे, मग उलट. सासूबाईंची साडी ते हिरवी समजत होते. ती निळी निघाली. स्वयंपाकघराच्या भिंती पांढऱ्या निघाल्या. "आणि मी रंगाऱ्याशी भांडलो होतो," ते म्हणाले. "पिवळ्या लावल्यास म्हणून." खिडकीची काच पुसावी लागली नाही. मग त्यांनी वर्षभरात केलेल्या डोळ्यांचे जवळ ठेवलेले नमुने टेबलावर मांडले, नव्या डोळ्याने एकेक पाहिला आणि सगळे एका डब्यात भरून बाजूला ठेवले. सुनेने फोन जवळ घेतला आणि ते सांगतील त्या माणसांना एकेक करून बोलवायला सुरुवात केली.

डोळा पुरता बरा झाल्यावर पहिल्या आल्या भूगोलाच्या बाई. नको म्हणत, उगीच त्रास घेता म्हणत त्या खुर्चीत बसल्या. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. त्या डोळ्याचा पिवळेपणा मधे येऊ नये म्हणून बाबांनी कालपासूनच त्यावर काळी पट्टी बांधली होती. बाईंच्या खऱ्या डोळ्यात ते कितीतरी वेळ बघत राहिले. सुनेला ती नजर ओळखीची होती. कारखान्यातल्या यंत्रासमोर आपण कधी असं बघितलंय का, असं तिच्या मनात आलं.

मग त्यांनी ब्रश उचलला, रंगात बुडवायला गेले आणि ब्रश वाटीच्या अलीकडे हवेतच थांबला. पुन्हा गेले, या वेळी टोक वाटीच्या तळाला आपटलं. एका डोळ्याला अंतर कळत नाही. हे बाबा गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगत आले होते. स्वतःच्या हाताला मात्र ते आज कळलं. तिसऱ्यांदा ब्रश चुकला, तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"तसं नाही," बाई म्हणाल्या. "आधी करंगळी टेकवा. टेबलाला, वाटीला, कशालाही. मग बोट सांगतं, किती लांब आहे ते. मी चहा ओततानाही किटली कपाच्या कडेला टेकवूनच ओतते."

बाबांनी करंगळी टेकवली. ब्रश रंगात गेला, वर आला आणि शिंपल्याच्या काठावर, हव्या त्याच जागी, एक पिवळसर छटा उमटली.

"हे मला आधी कुणीच का नाही सांगितलं?" ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत," बाई म्हणाल्या. "तुम्ही नेहमी रंगच विचारायचात."

बाबा हसले. सुनेकडे वळून म्हणाले, "डॉक्टरांना फोन कर. दुसरं ऑपरेशन थोडं पुढे ढकला म्हणावं. आत्ता कुठे मी यांच्या बाजूने बघायला लागलोय."

"काही ढकलायचं नाही," आतून सासूबाई म्हणाल्या. "काल अर्धा चहा टेबलावर ओतलात."

"करंगळी टेकवली नव्हती," बाबा म्हणाले आणि पुढच्या थराला लागले.